एक अँटेना, दोन सेट आणि गुरुजींचं अर्धं वाक्य

गेल्या महिन्यातला रविवार, सकाळचे दहा... लातूरला आमच्या गच्चीवरच्या खोलीत मी हेडफोन लावून गुरुजींची वाट बघत होतो. खोलीत रेडिओ सेट दोन, एक माझा आणि एक माझा मित्र सुधाकरचा. वर अँटेना मात्र एकच.

आम्ही दोघं हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेनं बिनतारी बोलणारे, रीतसर लायसन्स काढलेले. एका अँटेनावर दोघांचं भागायचं, कारण मध्ये एका वेळी एकच सेट जोडणारा एक स्विच होता... आणि एक नियम. आधी "सिग्नल सोडू का?" विचारायचं, आणि दुसऱ्यानं "सोड" म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही. एकाची पॉवर दुसऱ्याच्या सेटमध्ये घुसली की तो सेट गेलाच समजा.

गुरुजी निलंग्याचे. आम्हा दोघांना मोर्स, म्हणजे बटणाच्या टिकटिकीची भाषा, त्यांनीच शिकवली. लकव्यानं त्यांची वाचा गेली, लिहिताही येईना, पण एक बोट चालायचं... त्या बोटानं ते दर रविवारी मोर्समध्ये माझ्याशी बोलायचे. घरात मोर्स कुणालाच येत नाही, त्यामुळे आठवड्याचं बोलणं तेवढंच.

त्या दिवशी सुधाकरनं आपला रेडिओ दाखवायला पाहुणे बोलावलेले. दोन पुढारी आणि मोबाइलवर शूटिंग करणारा एक. सारखा स्विच कोण फिरवणार, म्हणून पठ्ठ्यानं तो काढून साधा टी-जॉइंट लावला होता, म्हणजे दोन्ही सेट एकदमच अँटेनाला. मला न सांगता!

गुरुजी आले. सिग्नल बारीक, पण स्वच्छ. "सुनेला सांग..." एवढं मी लिहून घेतलं आणि शेजारी सुधाकरनं बटण दाबलं. न विचारता. माझ्या कानात खाडकन आवाज झाला, आणि मग काहीच नाही...

"सुध्या, तुझा सेट दे. गुरुजी बोलायलेत."

"पाव्हणे हायेत ना बाबा, दहा मिनटं थांब की. गुरुजी कुठं पळून चाललेत?"

आणि मी थांबलो. चारचौघांत तमाशा नको म्हणून थांबलो, एवढीच माझी लायकी. अर्ध्या तासानं सेट हाती आला, तेव्हा तिथं नुसती खरखर होती.

बुधवारी गुरुजींना दुसरा झटका आला आणि ते गेले.

तेराव्याला त्यांच्या सूनबाईंनी मला बाजूला बोलावलं. "दादा, त्या दिवशी मामंजी लई वेळ बटन दाबत होते... काय म्हणत होते हो?"

लई वेळ! म्हणजे इकडे माझा सेट मेल्यावरही ते सांगतच होते. "तुमची आठवण काढत होते," एवढंच मी म्हणालो. त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि मला हात जोडले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

सुधाकरच्या व्हिडिओला अजून लाइक येतायत. त्यात मागे मी दिसतो, हेडफोन गळ्यात, पाहुण्यांकडे बघून हसतोय...

गुरुजी, तुम्ही मला ऐकायला शिकवलंत, त्याचे उपकार फिटायचे नाहीत. पण त्या दिवशी उठून सुधाकरच्या सेटची वायर उपटणं काही मला जमलं नाही.