मी तुझ्या जागी असते तर

परवा बारामतीला जाताना कारखान्याच्या मळीचा आंबूस वास आला आणि नव्वदच्या दशकातला, कॉलेजमधला इंग्रजीचा तास आठवला. असाच वास तेव्हा वर्गात भरून राहायचा.

सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, ‘इफ आय वेअर यू’, म्हणजे मी तुझ्या जागी असते तर. शेजारणीनं अडचण सांगायची, आपण सल्ला द्यायचा. मुली डोकेदुखी, हरवलेली छत्री असलं काही सांगत होत्या. माझ्या शेजारची लोणी भापकरची मंगल हळूच म्हणाली, "माझं लगीन ठरवत्यात. मला बी.ए. पुरं करायचं हाय."

मी ‘वेअर’वर जोर देत इंग्रजीत म्हणाले, "मी तुझ्या जागी असते, तर वडिलांशी बोलले असते."

"बरोबर," सर म्हणाले.

मंगलनं विचारलं, "खरंच बोलली असतीस?"

मी तेच वाक्य वहीत उतरवू लागले. वडिलांसमोर माझा आवाजच फुटत नसे.

सोमवारी ती म्हणाली, "आबांशी बोलले. दिसभर अबोला धरला त्यांनी. मग म्हणाले, परीक्षा होऊ दे."

माझा सल्ला कामी आला, असं तेव्हा वाटलं. तो देणं किती सोपं होतं, ते आता कळतं. पुढच्या वर्षी माझं लग्न ठरू लागलं, तेव्हा मंगलनं सल्ला दिला नाही. ती कळंबला आमच्या घरी आली आणि माझ्या वडिलांसमोर माझ्याशेजारी उभी राहिली.