सुजलेल्या गळ्याची दोन वर्षं

विश्रांतवाडीहून सुटणाऱ्या बसवर मुक्ताई तेरा वर्षं कंडक्टर होती. 'पुढे सरका' ओरडून घसा बसणं तिला नवं नव्हतं. त्यामुळे तापानंतर गळा दुखू लागला, तेव्हा घरात कुणी मनावर घेतलं नाही. पण हे दुखणं वेगळं होतं. कळ कंठाखालून निघायची ती थेट उजव्या कानात. थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. छाती धडधडायची, तिकिटाचं मशीन धरलेला हात थरथरायचा.

गल्लीतल्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलं. गुण येईना. मग कानातली कळ दाढेची असणार, असं ठरवून एका दंतवैद्याने तिची शेवटची दाढ उपटली. कळ होती तिथेच राहिली. तोंडात सतत रक्ताची चव, त्यामुळे भाताच्या पेजेचीही तिला शिसारी बसली.

शेवटी नवरा उत्तरेश्वर तिला थायरॉईडच्या तज्ज्ञ डॉ. अस्मिता यांच्याकडे घेऊन गेला. त्यांनी मानेवर दोन बोटं दाबली आणि मुक्ताईने त्यांचा हात झटकला. रक्त तपासून, सोनोग्राफी पाहून बाईंनी सांगितलं, की तापाच्या विषाणूने थायरॉईडच्या ग्रंथीला सूज आली आहे, धडधड त्यातलीच आहे आणि ती आपोआप ओसरेल. रस्ते दोन होते. साध्या वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या, तर आराम सावकाश पडणार. स्टेरॉइड घ्यायचं, तर दोन-तीन दिवसांत गळा मोकळा, पण ते पायरीपायरीने कमी करायचं, एकदम सोडायचं नाही. काहींची ग्रंथी पुढे मंदावते, म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं. मुक्ताईची रजा संपली होती. तिने स्टेरॉइड घेतलं.

घरी जाताना तिने दंतवैद्याच्या टेबलावर रिपोर्ट ठेवला. त्याने वर न बघताच सांगितलं, "ती दाढ आज ना उद्या काढावीच लागली असती."

"तुमचेही दात आज ना उद्या पडणारच आहेत," मुक्ताई म्हणाली, "आजच काढून ठेवा."

तिसऱ्या दिवशी ती भाकरी चावून खाऊ लागली. पण पंधरवड्यात चेहरा फुगला, भूक आवरेना. वाघोलीची नणंद पूर्णिमा घरोघरी एक हिरवी पावडर विकायची. तिचं म्हणणं, स्टेरॉइड म्हणजे विष, पावडरीने आजार मुळासकट जातो. आरशातल्या तोंडाला विटलेल्या मुक्ताईने गोळ्या बंद केल्या आणि डबक्यातल्या शेवाळासारखं ते पाणी नाक दाबून प्यायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी कळ परतली, आता डावीकडे आणि दुप्पट. पावडरीचा घोट बेसिनमध्ये उलटून पडला. ती त्या हिरव्या ओकारीकडे बघत राहिली. पूर्णिमापेक्षाही तिला स्वतःचीच जास्त किळस आली.

डॉक्टर रागावल्या नाहीत. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि या वेळी दोन महिन्यांत, सांगितल्याप्रमाणे, कमी होत गेल्या. गळ्याचं दुखणं गेलं ते कायमचं.

सहा-सात महिन्यांनी मात्र पाय जड झाले, केस गळू लागले, बसची पायरी चढताना दम लागू लागला. ग्रंथी मंदावली होती. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली. वर्षाने ती थांबवून पाहिली, पण रक्तातले आकडे पुन्हा बिघडले. बहुतेकांची ग्रंथी सावरते, तिची सावरली नाही. मध्येच गोळ्या सोडल्या म्हणून असं झालं का, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "खरं सांगू? ठामपणे सांगता येत नाही." या उत्तराने ती कितीतरी दिवस आतल्या आत चडफडत राहिली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पूर्णिमाने आलेल्या बायकांना सांगितलं, की वहिनींचा थायरॉईड आपल्या पावडरीनेच बरा झाला. मुक्ताईने हातातलं वाण खाली ठेवलं.

"मी रोज गोळी खाते, आणि बहुधा जन्मभर खाणार आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "पावडरीने मला फक्त ओकारी झाली."

तेव्हापासून पूर्णिमा तिच्याशी बोलत नाही. मुक्ताईचं त्यावाचून काही अडलेलं नाही.