सुंद्रीला धरलं की मला कळायचं

हे लिहून पाठवावं की नाही, यात माझे दोन महिने गेले. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि आमच्या घरात तो कुणाचाच नाही. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले देवांचे टाक, अंगाऱ्याची डबी, दारावरचा नाल, सगळं पोशीरच्या नदीत सोडून दिलं. मी जन्मले ती देव्हारा नसलेल्या घरात. कुणाच्या अंगात आलं, कुणी भगताकडे गेलं असा विषय निघाला की बाबा उठून अंगणात जातात. त्यामुळे हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्याआधी तुम्हाला सांगते आहे, याचं जरा वाईट वाटतं.

मी सध्या एस.वाय.बी.ए.ला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. कॉलेज खोपोलीला. पोशीरहून रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मागच्या वर्षी बाबांनी मला भिवपुरीला आत्याकडे ठेवलं. आत्याचे यजमान — आम्ही त्यांना मामा म्हणतो — तिथल्या वीजघरात कामाला आहेत. सकाळी एस.टी.ने कर्जत, कर्जतहून खोपोलीची गाडी, संध्याकाळी परत. सोडायला आले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "आत्याची मर्जी राख. तिनं नाय म्हटलं तर दुसरं घर नाय आपल्याकडं. कॉलेज तिथंच संपलं."

जागा नीट सांगते, कारण ती पुढे लागणार आहे. डोंगरावरून पाण्याचे मोठे पाइप उतरतात, त्यांच्या पायथ्याशी वीजघर आणि अलीकडे क्वार्टरांच्या ओळी. पहिल्या ओळीची दारं वीजघराकडे आहेत. बाकीच्या ओळी त्याला पाठ करून उभ्या. आत्याची क्वार्टर दुसऱ्या ओळीत मधली. वीजघराची घरघर दिवसरात्र चालू असते. आमच्या घरी दाराकडे तोंड करून बसलं की ती पाठीमागून, स्वयंपाकघराच्या बाजूने यायची.

आत्याला मूल नाही. म्हणजे झालं होतं, सव्वा महिन्याचं होऊन गेलं. त्याला नऊ वर्षं झाली, पण झोळीची कडी छताला तशीच होती. आणि त्या झोळीत आत्या सुंद्रीला निजवायची. सुंद्री म्हणजे आत्याची मांजर. पांढरी, एक कान काळा.

सुंद्रीला आत्या अगदी बाळासारखं करायची. कोमट पाण्याच्या फडक्याने पुसायची. खापरात निखारे घेऊन त्यावर ओवा टाकून धुरी द्यायची. मग चारही पाय आत घेऊन दुपट्यात घट्ट गुंडाळायची, झोळीत ठेवायची आणि झोका द्यायची. "बाळ घट्ट बांधलं की दचकत नाय," असं म्हणायची. तीट तेवढी लावायची नाही, कारण मामा ओरडायचे, "बाई, मांजराला कुणाची नजर लागतीय? उंदराची?"

सुंद्री ओरडायची नाही. त्यामुळे आत्याला वाटायचं, तिला आवडतं. मी कोपऱ्यात अभ्यासाला बसायची, मला दिसायचं. आत्या फडकं घेऊन उठली की सुंद्रीच्या शेपटीचं टोक, फक्त टोक, जमिनीवर आपटायला लागायचं. कान मागे वळायचे. पाठीवरची कातडी थरथरायची, जशी माशी बसल्यावर गुराची थरथरते. कधी ती उन्हात लोळून पोट वर करायची. आत्या लगेच हात घालायची आणि ओरबाडून घ्यायची. "गुलाम! खाल्ल्या घरचे वासे मोजती!" मला वाटायचं, पोट दाखवलं म्हणजे तुझ्यासमोर मी बिनधास्त आहे, एवढंच ती सांगते आहे. हात घाल असं नाही.

माझ्याजवळ ती वेगळी वागायची. मी वाचताना एक सुतळी पायाच्या अंगठ्याला बांधून सोडून द्यायची. वाटलं तर ती खेळायची, कंटाळली की निघून जायची. मग वीतभर अंतरावर, माझ्याकडे पाठ करून बसायची. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की ही तिची माया आहे. पाठ करून बसणं.

एकदा धीर करून मी आत्याला म्हटलं, "आत्या, तिला गुंडाळलेलं नको असतं गं."

आत्याने दुपट्याची गाठ मारली आणि मग माझ्याकडे पाहिलं. "चार बुकं वाचली म्हणून मला पोर सांभाळाया शिकवतीस?"

त्या दिवशी तिने माझ्या डब्यात भाकरी नेहमीएवढीच घातली, पण बोलली नाही. मी पुन्हा तो विषय काढला नाही. दुसरं घर नव्हतं...

पहिला प्रकार घडला तो अर्थशास्त्राच्या तासाला. दुपारची वेळ, सर फळ्यावर लिहीत होते. अचानक मला ओव्याच्या धुरीचा वास आला. खोपोलीत, वर्गात! मग माझे दोन्ही हात अंगाला चिकटले. म्हणजे ते बाकावरच होते, मला दिसत होते, पण उचलता येईनात. छातीवर कुणी कापड आवळत आणलं आहे असं वाटलं. श्वास अर्धाच जायचा. हे किती वेळ चाललं सांगता येणार नाही. तासाची घंटा झाली तेव्हा ते गेलं. मला वाटलं, उपाशी आले होते, चक्कर असेल.

घरी आले तर खापर अजून कोमट होतं. आत्या सुंद्रीला नेहमी रविवारी धुरी द्यायची, त्या दिवशी बुधवार होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज कशी काय गं?"

"शिंकत व्हती. दुपारच्याला दिली."

त्यानंतर आत्या मधल्या वारीही सुंद्रीला गुंडाळायला लागली, आणि घराबाहेर असताना मला असं आणखी चार वेळा झालं. एकदा लायब्ररीत, एकदा कर्जत स्टेशनच्या बाकावर, दोनदा वर्गात. प्रत्येक वेळी मी वहीच्या मागच्या पानावर वेळ लिहायची आणि घरी येऊन काहीतरी निमित्त काढून आत्याला विचारायची. चारही वेळा वेळ जुळली. सांगणार कुणाला? आत्याला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, पोरगी निमित्तं काढती. बाबांना सांगितलं असतं तर ते अंगणात गेले असते. शेजारच्या बायका तर भगताचा पत्ता घेऊन तयारच. मी घरात शिरले की छताच्या कडीकडे बघायची आणि मलाच आत गुंडाळून ठेवल्यासारखं वाटायचं. रविवारी तर पळून जायलाही जागा नव्हती. समोर आत्या दुपटं आवळायची आणि इकडे मी पुस्तक उघडून, हात न हलवता बसून राहायची.

पावसाळा संपल्यावरच्या एका बुधवारी कॉलेजला सुट्टी होती. आत्याने सुंद्रीला झोळीत ठेवलं आणि ती रेशनच्या रांगेत गेली. माझा श्वास कोंडला होता. मी उठले... खरं सांगते, सुंद्रीची दया आली म्हणून नाही, मला स्वतःला सहन होईना म्हणून उठले. गाठ सोडली. सुंद्रीने माझ्याकडे पाहिलंही नाही. खिडकीतून गेली.

संध्याकाळी परतली नाही. रात्रीही नाही.

"तूच सोडलीस," आत्या म्हणाली.

"हो."

ती रडली नाही, हेच मला लागलं. तिने रिकामं दुपटं घडी करून मांडीवर घेतलं. मामांना म्हणाली, "रविवारी हिला पोशीरला सोडून या. माझ्या घरात नको मला." मामा माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे माझ्याकडे तीन दिवस होते.

त्याच संध्याकाळपासून मला ते पुन्हा सुरू झालं, पण या वेळी वेगळं. हात मोकळे होते, दुपटं नव्हतं. अंधार होता. डोळे उघडे असूनही कडेने अंधार. ओल्या चुन्याचा वास. घसा कोरडा. आणि बाहेर जायला वाट नाही, हे अंगभर कळत राहायचं. गुरुवारी मी कॉलेजला गेले, पण वर्गात दाराजवळ बसले. मनात म्हटलं, हा अपराधीपणा आहे. पोशीरला परत जायची भीती आहे. दुसरं काय असणार?

शुक्रवारी सकाळी एस.टी.ची वाट बघताना एक गोष्ट लक्षात आली. माझ्या त्या अंधारात वीजघराची घरघर होती. पण ती पाठीमागून नव्हती, समोरून होती. दाराच्या बाजूने! वसाहतीत फक्त पहिल्या ओळीत तसं ऐकू येतं. आणि पहिल्या ओळीत सगळी घरं नांदती, एक सोडून. टोकाची क्वार्टर. तिथल्या माणसांची बदली खोपोलीला झाली होती. आत चुना मारून ती बंद केलेली.

मी एस.टी. सोडली आणि तिथे गेले. कुलूप, कुलपावर कापड, त्यावर लाखेची मोहर. खिडक्यांची लाकडी दारं आतून बंद. मी हाका मारल्या, दाराला कान लावला. काहीही ऐकू आलं नाही. पण तिथे उभी राहिले आणि घसा इतका कोरडा पडला, की मला पायरीवर बसावं लागलं.

वसाहतीचे वॉचमन गणूदादा तिथे आले. मी सांगितल्यावर म्हणाले, "बाय, दीड महिना झाला लाख लावून. तुजी मांजर परवा गेली. लाख फोडून आत गेली आणि पुन्हा लावून घेतली का तिनं?"

"उघडता येईल का?"

"अर्ज लागंल. कामगाराची सही लागंल. तू शिकलेली, लिव की."

वसाहतीतल्या निम्म्या घरांचे अर्ज मीच लिहायची. कुणाच्या नळाचा, कुणाच्या रजेचा. पण तो अर्ज लिहायला मला संध्याकाळ झाली. कारण काय लिहू? 'मला जाणवतं' असं लिहू? शेवटी लिहिलं, 'सदर क्वार्टरमधून मांजराचा आवाज येत आहे.' शिफ्टवरून आल्यावर मामांनी तो दोनदा वाचला.

"आवाज ऐकलास?"

"नाही मामा."

मामांनी पेन मागितलं. "अक्षर बाकी झकास हाय," म्हणाले आणि सही केली. आतून काही निघालं नसतं तर जाब त्यांना द्यावा लागला असता. त्या सहीसाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे.

शनिवारी अकराच्या सुमारास कुलूप काढलं. गणूदादांनी लाख नीट तपासली, ती शाबूत होती. आत्याही आली होती, दुपटं खांद्यावर टाकून. दार उघडलं तर आत अंधार, ओल्या चुन्याचा वास. तोच. माझे पाय उंबऱ्यावरच थांबले.

सुंद्री मोरीत होती, रिकाम्या बादलीच्या मागे. अर्धी झालेली. गणूदादा म्हणाले, "आयला!" आणि मोरीचं भोक बघायला वाकले. भोकाला लोखंडी जाळी, आणि तीही चुन्यात बसलेली.

"माजी बाय गं!" आत्या दोन्ही हात पसरून धावली.

तिचा हात सुंद्रीपर्यंत पोचायच्या आधीच माझे हात अंगाला आवळले गेले. आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "आत्या, हात नको! नको लावूस हात!"

माझाच आवाज त्या मोकळ्या खोलीत घुमला. आत्या जागच्या जागी थांबली. मला वाटलं, आता संपलं, आजच पोशीर. पण ती हळूहळू खाली बसली. हात मांडीत घेतले. कुणीतरी वाटीत पाणी आणलं, ते मी बादलीजवळ सरकवून मागे आले. मग सुंद्री बाहेर आली, पाणी प्यायली, भिंतीच्या कडेने चालत आत्यापाशी आली. थांबली नाही. जाता जाता शेपूट तिच्या पायाला लागली आणि ती उन्हात गेली.

संध्याकाळी चुलीपाशी आत्याने विचारलं, "तुला कसं कळलं गं?"

मी सगळं सांगितलं. वही दाखवली. तिला वाचता येत नाही, पण तिने ते पान हातात धरून ठेवलं.

"मग मी धरायची, तवा तिला कसं वाटायचं?"

अर्जात मी एकदा खोटं लिहिलं होतं. दुसऱ्यांदा जमलं नाही. "श्वास कोंडायचा, आत्या."

ती बराच वेळ निखारे सारखे करत बसली. रविवारी मामांनी माझी पिशवी उचलली नाही, आणि आत्याने ती उचलायला सांगितलं नाही. सोमवारी माझा डबा भरलेला होता. झोळी आठवडाभर लोंबत होती. मग एक दिवस कडीला फक्त कंदील होता.

कॉलेजातल्या एका मॅडमना मी हे सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, मांजराच्या हालचाली तू इतक्या निरखल्यास, की तुझं मनच वेळा ओळखायला लागलं. असेलही. धुरीच्या वेळांपुरतं मी ते मान्य करीन. पण शिंक आल्यामुळे बुधवारी दिलेली धुरी? आणि दीड महिन्याच्या लाखेआड, बसलेल्या जाळीआड सुंद्री गेली कशी? गणूदादा अजून त्या क्वार्टरवरून जाताना मोरीचं भोक बघतात.

त्यानंतर मला काही जाणवलं नाही. फक्त एकदा. वार्षिक परीक्षेच्या दुसऱ्या पेपराला. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी उत्तर लिहीत होते, आणि अंगभर ऊब पसरली. मी घाबरून हात बघितले. मोकळे होते. कुठेही आवळलं नव्हतं. एका जागी बसावंसं वाटत होतं आणि वाटलं तर उठताही येत होतं, असं काहीसं... मला नीट सांगता येत नाही. मी प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात वेळ लिहून ठेवली.

घरी आल्यावर विचारलं, "आत्या, दुपारी पावणेतीनच्या आसपास काय करत होतीस?"

"मी? तांदूळ निवडीत बसले व्हते." आत्या सुपातून डोकं वर न काढता म्हणाली. मग थांबली. "ती आली गं. आपणहून. मांडीवर बसली."

"मग?"

"मग काय? तांदूळ तसंच ठेवलं." तिने दोन्ही हात उचलून मला दाखवले. "पर मी हात नाय लावला."

ती प्रश्नपत्रिका माझ्या ट्रंकेत आहे. वेळ आत्याला विचारण्याआधी लिहिलेली आहे. याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.