एका थेंबावर एकवीस दिवस

माझा थोरला वर्षाचा होईपर्यंत मी सासऱ्यांसमोर तोंड उघडलं नव्हतं. पोलीस ॲक्शनच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. हिंगोलीकडच्या आमच्या खेड्यात सुनेला काही सांगायचं असलं, तर तिनं दाराआडून कडी वाजवायची. मी मूळची बडबडी, माहेरी मला गप्प करायला तिघं लागायची. त्यामुळे मी कडी जरा जास्तच वाजवायची आणि लोकांनी तिच्याकडे लक्ष देणं सोडलं होतं.

घरात चार म्हशी, दोन गाई, आणि लेकराला दूधच चालेना. वरच्या दुधाचं बोट जिभेला लागलं की ओठ सुजायचे, अंगभर लाल गांधी उठायच्या. एकदा तर श्वासच अडकला. सासऱ्यांनी हिंगोलीहून हकीमसाहेबांना आणलं. ते म्हणाले, लेकराला पाजायच्या बोंडल्यातल्या पाण्यात आज दुधाचा एक थेंब, उद्या दोन, परवा तीन. अंगाला कळू न देता सवय लावायची. एकवीस दिवसांनी ते बघायला येणार होते. असं आधी कुणावर करून पाहिलंय का, हे विचारायला मी कडी वाजवली, पण व्यर्थ.

पहिल्याच थेंबाला हनुवटीवर गांध उठली आणि माझा धीर सुटला. दुसऱ्या दिवशी एकच थेंब घातला, तिसऱ्या दिवशीही एकच. संध्याकाळी सासूबाई विचारायच्या, "आज किती गं?" मी दिवस मोजून बेधडक सांगायची, "नऊ," दुसऱ्या दिवशी "दहा." मग त्या ओसरीवर जाऊन तो आकडा सांगायच्या आणि सासरे खूश व्हायचे. खोटं बोलणं मला इतकं छान जमतं, हे मलाही ठाऊक नव्हतं.

एकविसाव्या दिवशी हकीमसाहेब आले. लेकराला मांडीवर घेऊन त्यांनी कापसाच्या वातीनं एकवीस थेंब स्वतः मोजून बोंडल्यात घातले. मी कडी वाजवली.

"चहा झाला वाटतं," सासरे म्हणाले.

मी पुन्हा वाजवली, जोरात.

"साखर जास्त टाका म्हणावं."

बोंडलं लेकराच्या ओठांशी गेलं. मी धावत बाहेर आले आणि ते हकीमसाहेबांच्या हातातून हिसकावलं. डोक्यावर पदर होता की नव्हता, देव जाणे.

"पाजू नका. म्या रोज एकच थेंब घातला. मला भ्या वाटत व्हतं."

सासरे उठून गोठ्याकडे गेले. आता माझी माहेरी रवानगी, असं मी धरूनच चालले. हकीमसाहेबांनी मात्र पाणी ओतून दिलं आणि म्हणाले, "अच्छा किया बेटी, बोल दिया. उद्या दोन. अन् ओसरीवर बसून मोठ्यानं मोजायचं, बराबर सगळ्यांना ऐकू येईल असं."

दुसऱ्या दिवसापासून मी ओसरीवर बसून मोजू लागले. सासरे तिकडच्या टोकाला पाठ करून दावं वळत बसायचे. बारा थेंबांच्या दिवशी लेकराच्या कानामागं लाली आली, ती संध्याकाळपर्यंत गेली. पुढच्या दिवशी बारा मोजले आणि माझा हात थांबला. पुढचा आकडा तोंडातून निघेना.

"तेरा," पाठमोरे सासरे म्हणाले. "घाल माय. मी हाय हितंच."