आता पहिलं काय खाणार?

धाकटीने वीस वर्षं लोकांचे दात केले, पण त्या दातांनी खाताना एकाही माणसाला पाहिलं नव्हतं. लहानशा गावात, दातांच्या दवाखान्यामागे, खिडकी नसलेल्या एका खोलीत बसून ती कवळ्या बनवायची. पुढच्या खोलीतून डॉक्टर जबड्यांचे प्लास्टरचे साचे पाठवत. ती मेणात दात लावायची, गुलाबी हिरड्या घडवायची, आणि घासून घासून चकचकीत झालेली कवळी डबीत घालून पुढे पाठवायची. साचा हातात घेतला की कुठल्या बाजूचे दात आधी पडले, हे ती बोटाने ओळखायची. माणूस मात्र तिला कधी दिसलाच नाही.

चार भावंडांत शेवटची, म्हणून चाळिशी उलटली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायची आणि ताटात आणखी वाढून घ्यायची. खाण्याची तिला भारी हौस. घरातल्या कुठल्याही कार्यात ती आधी स्वयंपाकघरात शिरायची, माणसांना भेटायची नंतर.

डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. महिन्याभरातच दूरच्या मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यातून तिला बोलावणं आलं. थोरल्या बहिणीने, अक्काने, डोक्याला हात लावला.

"या वयात गाव बदलतात का?"

"मग काय, म्हातारी झाल्यावर बदलू?"

"तिथे तुला ओळखतंय कोण?"

"कोणी नाही. म्हणून तर जायचंय!"

"आणि जेवणाचं काय?"

"अगं अक्का, एवढं मोठं शहर. तिथली माणसं काय उपाशी राहतात?"

दोन बॅगा आणि हत्यारांची पेटी घेऊन ती निघाली. गाडी शहरात शिरली तेव्हा खिडकीला नाक लावून ती खानावळींच्या पाट्या वाचत होती. एक वाचून होईतो दुसरी येत होती, आणि तिच्या तोंडाला पाणी सुटत होतं. तिसऱ्या मजल्यावरची खोली भाड्याने मिळाली. एक पलंग, एक शेगडी आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी. त्या खिडकीतूनच खाण्याच्या चौदा जागा दिसायच्या. तिने मोजल्या होत्या.

पण नशीब बघा, पहिले पंधरा दिवस तिचा एकही अंदाज बरोबर आला नाही. पाटीवर जितकी रंगीत चित्रं, ताटात तितकाच बेरंग कारभार. एकीकडे सूप गार, दुसरीकडे मासा शिळा, तिसरीकडचा भात असा की त्याचा साचा घेता आला असता. अक्काचा फोन आला की मात्र ती ठोकून द्यायची, "जेवले गं मस्त!" आणि फोन ठेवून पाव-केळं खायची.

नव्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. उंच, भराभर चालणाऱ्या आणि त्याहून भराभर बोलणाऱ्या. पंधरा दिवस होताहेत तोच त्यांनी धाकटीला मागच्या खोलीतून बाहेर काढलं.

"कवळी बसवताना तू समोर हवीस. कुठे टोचलं, रुतलं, तर तिथल्या तिथे घासून द्यायचं."

समोरच्या खुर्चीत पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. तीन वर्षं त्या पेजेवर जगत होत्या. कवळी बसली, त्यांनी आरशात पाहिलं आणि त्यांचे डोळेच भरून आले. धाकटी अगदी गांगरली. इतकी वर्षं साच्यांशी बोलायची सवय, जिवंत माणसाशी काय बोलणार? तिच्या तोंडून निघून गेलं, "आता पहिलं काय खाणार?"

बाई हसल्या. नव्या दातांचं पहिलं हसू. "कणीस! बाजाराच्या मागच्या फाटकाशी एक बाई भाजत बसते. तिच्यासारखं कणीस अख्ख्या शहरात नाही."

"कणीस एवढ्यात नको हं. पहिले काही दिवस मऊच खा."

बाईंना असं बजावून धाकटी स्वतः मात्र त्याच संध्याकाळी त्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. कणीस निखाऱ्यावरून थेट हातात आलं. दाणे बाहेरून करपलेले, आतून दुधाळ. तिथेच उभ्या उभ्या तिने दोन संपवली आणि तिसरं खात खात घरी आली. त्या रात्री अक्काशी ती पंधरा दिवसांत पहिल्यांदा खरं बोलली, तेही पाऊण तास.

मग काय, तो प्रश्न कायमचाच झाला. कवळी बसली की धाकटी विचारणार, "पहिलं काय खाणार?" आणि तीन-तीन वर्षं पातळ खाऊन वैतागलेली माणसं क्षणाचाही विचार न करता सांगायची. कोर्टातल्या शिपाईमामांनी पुलाखालच्या तळलेल्या कोंबडीचा पत्ता दिला. शिवणकाम करणाऱ्या एका आजीने बदामाची बिस्किटं सांगितली, वर "उजवीकडच्या दुकानातली नको, डावीकडची," असंही बजावलं. धाकटी एकेक जागा गाठत होती आणि एकही पत्ता चुकीचा निघत नव्हता. खोटं कोण सांगेल? जीव अडकलेला असतो त्या घासात!

क्रेनवाल्या आजोबांनी मात्र तिचा घाम काढला. बंदरावर चाळीस वर्षं क्रेन चालवलेला हा गडी, हात फावड्यासारखे, आवाज भोंग्यासारखा. कवळी घेऊन गेला तो चौथ्या दिवशी परत. "निसटते." धाकटीने दातांवर रंग उमटवणारा लाल कागद चावायला दिला, खुणा पाहिल्या, दोन दात घासले. आठवड्याने पुन्हा हजर. "निसटते." तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई वैतागल्या.

"आजोबा, आरशात बघा, किती छान बसली आहे!"

"आरशात मी जेवत नाही, बाई."

धाकटीला हसू फुटलं. "मग कुठे जेवता?"

"धक्क्यावर. दोघी जावा खानावळ चालवतात तिथे. कडक पाव आणि हाडाचा रस्सा. नोकरीत असताना रोज खाल्लाय. आता पाव तोडायला गेलो की कवळी रश्श्यात."

"उद्या दुपारी येते मी तिथे. माझ्यासमोर खाऊन दाखवा."

दुसऱ्या दिवशी ती बंदराकडे निघाली. खानावळ म्हणजे पत्र्याचं छप्पर, सहा बाकं, आणि दारातच असा वास की पाय आपोआप आत वळावेत. मोठी जाऊ चुलीशी, लहान जाऊ वाढायला. दोघींची तोंडं अखंड चालू, पण हातांची लय जराही चुकत नव्हती. ही दात करणारी, हिला धाकटी म्हणतात, असं आजोबांनी भोंग्याच्या आवाजात जाहीर करताच लहान जाऊ म्हणाली, "इथे एक धाकटी आधीच राबतेय. तुम्ही बसा, तुम्ही पाहुण्या!"

"आधी तुम्ही खा," आजोबांनी फर्मान काढलं. "मग माझं तोंड बघा."

वाफाळता वाडगा समोर आला. वर लसणाचा तवंग, तळाशी चमच्याने सुटणारं मांस. पाव असा की साल मोडताना कर्रकन आवाज व्हावा आणि आतला गाभा कापसासारखा. धाकटीने पहिला घास रश्श्यात बुडवून तोंडात घातला आणि आपण कशाला आलोय हेच विसरली. वाडगा अर्धा झाल्यावर तिने मान वर केली, तर आजोबा पाव तोडत होते. तिचा हात जागीच थांबला.

पाव त्यांनी एका हातात धरला होता. मान वाकडी, साल पुढच्या दातांत पकडलेली, आणि हाताने पाव बाहेर खेचत होते. दुसरा हात नुसताच मांडीवर.

"तो हात का नाही लावत?"

आजोबा स्वतःच चमकले. हाताकडे बघत राहिले. "क्रेनच्या केबिनमध्ये हा हात दांड्यावर असायचा. खालून माल यायचा थांबतोय थोडाच? इथलंच जेवण वर नेऊन एका हाताने खायचो."

"आणि पाव दातांनी ओढून तोडायचात!"

"मग? चाळीस वर्षं!"

धाकटी बाकावरून उठलीच. केवढी मोठी गोष्ट समजली होती तिला! दवाखान्यात हा माणूस सरळ बसून, सरळ चावायचा. तिथे दोष दिसणारच कसा? पुढचे दात बाहेर ओढले गेले की कवळीची मागची बाजू सुटणार, हे तर उघडच होतं. तिने आजोबांकडून कवळी तिथल्या तिथे मागून घेतली, रुमालात बांधली आणि राहिलेला रस्सा वाडगा तोंडाला लावून संपवला.

पुढचे दोन दिवस ती त्या कवळीवर मान मोडून बसली. पुढचे दात काढले आणि केसभर आत घेऊन नव्याने बसवले. मागच्या दाढा दोन्ही बाजूंनी एकदम टेकतील अशा जुळवल्या. शनिवारी दुपारी कवळी घेऊन ती स्वतःच धक्क्यावर गेली.

"नीट ऐका. पाव बाहेर ओढायचा नाही. आत ढकलायचा, वरच्या दातांवर. आणि दुसरा हात कामाला लावायचा. आता क्रेन नाहीये."

आजोबांनी दोन्ही हातांनी पाव धरला, शाळेतल्या मुलासारखा. साल मोडल्याचा आवाज आला. ते चावत राहिले. दोघी जावांची तोंडं पहिल्यांदाच बंद होती. आजोबांनी घास गिळला, रश्श्याचा चमचा घेतला, आणखी एक घास घेतला. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "रस्सा आज खारट झालाय."

"बघा!" मोठी जाऊ चुलीजवळून ओरडली. "दात आले नाहीत तोच जीभही आली!"

अख्खी खानावळ हसली. आजोबा हसले, आणि कवळी जागची हलली नाही. धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते तिने रश्श्याच्या वाफेवर ढकललं. शेजारच्या बाकावरचे दोन म्हातारे सरकत सरकत जवळ आले. एकाने खिशातून रुमालात गुंडाळलेली स्वतःची कवळी काढली आणि विचारलं, "बाई, हिचं काही होईल का?"

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी सगळी हकीकत ऐकली आणि पहिल्यांदाच हळू बोलल्या, "म्हणजे आता तू खाण्याच्या वेळेला दवाखान्याबाहेर हवीस." दर बुधवारी दुपारी धाकटीने पेशंट जिथे जेवतात तिथे जाऊन त्यांना बघायचं, असं ठरलं. धाकटीने हे अक्काला फोनवर सांगितलं.

"म्हणजे तुला आता जेवायचा पगार मिळतो?" अक्काने विचारलं.

"हो गं!"

पुढच्या बुधवारी एका निवृत्त संगीतशिक्षिकेची पाळी होती. त्या नदीपलीकडे राहायच्या आणि तिकडच्या एका भट्टीतल्या भाजलेल्या बदकावर त्यांचा जीव होता. धाकटी सकाळी मुद्दाम काही न खाता निघाली. नदीच्या धक्क्यावर बोट लागली होती, लोक भराभर चढत होते. हत्यारांची पेटी पोटाशी धरून, गर्दीतून वाट काढत, ती पुढच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. पलीकडच्या काठावर कुठल्याशा धुराड्यातून धूर निघत होता, आणि ती भट्टी तीच असणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती.