शिवम्माच्या रानातले पांडव

रविवारी सकाळी आम्ही तिघी मैत्रिणी लोहाऱ्याच्या बाहेर रानात फिरायला जातो. फरिदाबीला डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं आहे. मला शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरात बसवत नाही. आणि शिवम्माला तिच्या शेतावर नजर ठेवायची असते. हे कारण ती कधी सांगत नाही. “तुमच्यासंगं जरा हवा खायला येते,” एवढंच म्हणते. पण कुठल्याही वाटेने निघालो तरी शेवटी तिचंच रान येतं, कारण फाट्यावर सगळ्यांत आधी वळणारी तीच असते.

शिवम्मा संशयी आहे, हे ती स्वतःही नाकारणार नाही. दूधवाल्यासमोर ती दुधात बोट बुडवून बघते. मेथीची जुडी सोडून आतली पानं तपासल्याशिवाय घेत नाही. माझ्याकडे चहा प्यायला आली तरी आधी विचारते, “सकाळचाच गरम करायलीस का काय?” मला याचा राग येत नाही. असं विचारल्यावर ती चहा मात्र पूर्ण पिते आणि कप स्वतः विसळून ठेवते.

तिचे यजमान महालिंगप्पा अगदी उलटे होते. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि लोहाऱ्यापासून चालत जाता येईल असं हे रान. रान त्यांनी सिताबाईला आणि तिच्या नवऱ्याला बटईने दिलं होतं. येईल त्यात निम्मं यांचं, निम्मं त्यांचं. रानातलं त्यांनी घरी कधी काही सांगितलं नाही आणि शिवम्माने विचारलं नाही. ती वर्षातून एकदा, येळवशीला म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, जेवणाच्या पाट्या घेऊन शेतात जायची तेवढीच. महालिंगप्पा गेल्या वर्षी दिवाळीआधी गेले आणि कधी न बघितलेलं सगळं रान एकदम हिच्या अंगावर आलं. बांध कुठवर, विहिरीत वाटा कुणाचा, पेरणीला बी कुणी आणायचं, काही माहीत नाही. मग ज्याला त्याला संशयाने बघणं एवढंच तिच्या हातात राहिलं.

त्यात पुण्याहून मोठा मुलगा राजशेखर फोनवर सांगायचा, “अव्वा, एकाच माणसाकडं रान लई वर्षं ठेवू नको. कूळ लागतं.” कसणाऱ्याचं नाव जमिनीला लागलं की मालकाला जमीन सुटत नाही, ही धास्ती आमच्या भागात घरोघर आहे. बटई पाडव्याला बदलतात. यंदाच्या पाडव्याला सिताबाईकडून रान काढून घ्यायचं का, हे शिवम्माच्या मनात दिवाळीपासून घोळत होतं. सिताबाईला ते कळलं होतं. तिचा नवरा हंगामात ढोकीच्या साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो आणि ती एकटी हे रान राखते. दुसरं रान त्यांना नाही.

येळवशीच्या आधीच्या रविवारी आम्ही गेलो, तेव्हा ज्वारी हुरड्यात आली होती. शिवम्मा बांधावरून चालता चालता थांबली.

“हितली कणसं तोडलेली हायेत.”

“पाखरांनी खाल्ली असतील,” मी म्हणाले.

“बाई, पाखरं इळ्यानं कापत न्हाईत.”

खरंच कापलेली होती. पुढे रानाच्या वरच्या कोपऱ्यात, बाभळीच्या आडोशाला, कडब्याच्या पेंढ्या आणून ठेवलेल्या दिसल्या आणि त्यांच्यापाशी ओळीने पाच दगड.

येळवशीला आमच्याकडे प्रत्येक शेतात असे पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात. ते पांडव. त्यांच्यावर कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करायची, पूजा करायची आणि मग आंबील शिंपडत रानाला फेरी घालायची. पण पूजा मालकाने करायची असते. शिवम्माचे पांडव महालिंगप्पांच्या वडिलांपासून विहिरीजवळच्या बोरीखाली होते. हे दुसरे कुणाचे?

शिवम्मा वाकली आणि नखाने दगड खरवडला.

“हा चुना औंदाचा न्हाई. जुनाय. म्हंजे मागल्या साली हितं पूजा झाली. मागल्या साली तर आमच्या घरी सण न्हवता, आमी आलोच न्हाई.” ती ताठ झाली. “कळलं का बाई? मालक गेले आन् हिनं आपले देव मांडले. आज देव, उद्या सातबारा.”

“अगं शिवक्का,” फरिदाबी म्हणाली, “पाच धोंडे दिसले की तुला एकदम तहसीलच दिसायली.”

“तू फोटो काढ. राजशेखरला धाडते.”

फरिदाबीने फोटो काढला. कडेला तिचा अंगठा आला.

“चारच पांडव आलेत की गं!” शिवम्मा म्हणाली.

“पाचवा मी हाय म्हणून सांग त्याला,” फरिदाबी म्हणाली.

शिवम्मा हसली नाही. तोच फोटो तिने फरिदाबीला राजशेखरला धाडायला लावला. दूर पायवाटेवर सिताबाई येताना दिसली, तशी तिने आम्हा दोघींचे हात धरले आणि तुरीच्या ओळीआड ओढलं. “बसा खाली. काय करती ते बघू.” तीन म्हाताऱ्या तुरीत दबा धरून बसलो. फरिदाबीचा गुडघा कट्कन वाजला. “हेच ऐकू जाईल तिला,” ती पुटपुटली.

सिताबाईच्या हातात चुन्याचा डबा होता. दगडांवरची धूळ तिने पदराने पुसली, काडीला गुंडाळलेल्या चिंधीने एकेक दगड रंगवायला घेतला. चौथीपर्यंत मीच तिला शिकवलं होतं. पाटीवर अक्षर काढायची तेव्हाही अशीच जिभेचं टोक बाहेर काढून, कडेला जाऊ न देता. तिसरा दगड चालू असताना फरिदाबीचा फोन वाजला. राजशेखरचा.

लपून आता उपयोग नव्हता. शिवम्मा तुरीतून उठली, डोक्यावरचा पाला झटकला आणि जणू वाटेनेच आल्यासारखी पुढे झाली.

“सिते, हे कुणी मांडलं?”

सिताबाई दचकली, पण डबा खाली ठेवला नाही. “म्या मांडलं, आक्का.”

“कुणाच्या इचारानं?”

“कुणाच्याच न्हाई. मागल्या साली तुमच्या घरी दुख होतं. समद्या रानात आंबील पडली, हेच रान उपाशी ऱ्हायलं असतं. म्हून घरची आंबील आणली आन् शिंपडली.”

“मग बोरीखाली का न्हाई? हे कोपऱ्यात लपवून कशापायी?”

“ती मालकांची जागा. तिथं म्या कशी बसू?” सिताबाई म्हणाली. “तिथं मांडले असते तर तुमी म्हणला असता, जागा घेतली.”

शिवम्माने बोरीकडे वळून बघितलं.

“मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं तर पाडव्याची वाट बघितली असती का तुमी?”

फरिदाबी माझ्याकडे बघायला लागली. मी तुरीच्या शेंगांकडे.

“आन् कणसं?”

“तीबी म्याच कापली. हुरडा खाल्ला. रान राखायचं तर चार दाणे तोंडात जात्यात, आक्का. काढायचं असलं रान तर काढा. पर चोरी म्हणू नगा.”

शिवम्मा वळली. परतताना बराच वेळ ती आमच्या पुढे चालत होती. लोहाऱ्याची घरं दिसायला लागल्यावर म्हणाली, “लई सरळ बोलली. इतकं सरळ कोण बोलतं गं?”

“जिच्याकडं दुसरं काय नसतं ती,” फरिदाबी म्हणाली.

“तू तिची वकील हाईस का?”

“तुझी हाय. म्हून तर तुरीत बसले.”

येळवशीच्या दिवशी राजशेखरला पुण्यात सुट्टी नव्हती. शिवम्माने शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर असं सगळं रांधलं आणि आम्हा दोघींना घेऊन टेम्पोने शेतात आली. बोरीखाली सिताबाईने जागा झाडून, सारवून ठेवली होती. पांडव धुऊन रंगवलेले, कोप उभी केलेली. ती स्वतः लांब उभी होती. शिवम्माने कोपीत हात घालून बघितलं, पेंढ्या नीट बांधल्यात का ते तपासलं आणि मगच पूजेला बसली.

पूजा झाली. आता फेरी. आंबिलीची बिंदगी, म्हणजे छोटी घागर, घेऊन रानाला वळसा घालायचं काम दरवर्षी महालिंगप्पा करायचे. शिवम्माने बिंदगी उचलली, चार पावलं गेली आणि ढेकळांत अडखळली. मी पुढे झाले तर म्हणाली, “तुमी न्हाई बाई, तुमाला बांध ठाव न्हाई.” मग मान न वळवता हाक मारली, “सिते, धर ही.”

सिताबाईने हात पदराला पुसून बिंदगी घेतली. ती पुढे आंबील शिंपडत, “ओलगे, ओलगे” असा सणाचा गजर करत निघाली. मागे शिवम्मा, तिच्यामागे आम्ही. शिवम्माचे डोळे सिताबाईच्या हातावर होते, आंबील कुठं पडते आणि कुठं नाही यावर.

वरच्या कोपऱ्यात बाभळीपाशी आल्यावर सिताबाई थांबली. तिचे पाच दगड तिथंच होते, दोन रंगवलेले, तिसरा अर्धा. तिने आंबिलीचा हात तसाच धरून ठेवला.

शिवम्मा दगडांकडे बघत राहिली. नक्की काय बघत होती कुणास ठाऊक. मला वाटलं, आता म्हणेल, उचल हे.

“थांबलीस का?” ती म्हणाली. “शिंपड की. आंबील दिसल्यावर देवाला वगळतेस व्हय?”

सिताबाईने शिंपडलं.

“आन् पुढल्या साली हितं आडोशाला मांडू नको. बोरीखालीच यायचं. दोन दोन पूजा माझ्या रानात नकोत.”

“पुढल्या साली?” सिताबाई म्हणाली.

“मग? रान काय पाडव्याला पळून जायलंय?”

पाडव्याचा निकाल असा बांधावरच लागला. सिताबाईने पदर तोंडाला लावला. फरिदाबी मोठ्यानं म्हणाली, “चला, भूक लागली,” आणि आम्ही पुढे निघालो.

“कणसं कापायची तर मला सांगून काप,” शिवम्मा मागून म्हणाली. थोडं चालून पुन्हा, “आन् ह्या धुऱ्याच्या कडंला न्हाई पडली आंबील. मी बघायलेय.”

सिताबाई परत फिरली आणि तिथंही शिंपडलं.