वाटचुकल्यांची घंटा

स्पेनमधल्या विलामोरेल गावात धुकं पडतं ते चार घटका बसून जाणाऱ्या पाहुण्यासारखं नाही. तळ्याकडून उठतं, सातूच्या शेतांवरून सरपटत येतं आणि एकदा गावात शिरलं की घरजावयासारखं ठाण मांडून बसतं. तिकडे जिरोना शहरात लोक काळे चष्मे लावून उन्हात कॉफी पीत असतात आणि इथे आपलाच हात आपल्याला दिसत नाही. अशा वेळी चर्चच्या मनोऱ्यातली घंटा वाजायला लागते. वाटचुकल्यांची घंटा. रानात, शेतात, ओढ्याकाठी जो कोणी अडकला असेल त्याने आवाजाच्या रोखाने चालत घर गाठावं, एवढाच तिचा अर्थ. शेवटचा माणूस आला की तीन सुटे ठोके देऊन घंटा मिटवायची. म्हणजे सगळे आले, आता चुलीवरून भांडी उतरवा. कोणी बाहेर असताना घरात बसून जेवायचं नाही, ही इथली जुनी रीत. लेकरांना भूक लागलीच तर पावाचा तुकडा हातात द्यायचा, तोही उभ्याने खायचा.

मनोऱ्याची किल्ली असायची रेमेईच्या कमरेला. तिचा बाप घंटा वाजवायचा, त्याच्यामागे ती. चौकातली खाणावळही तिचीच. बाई सत्तरीच्या पुढे गेली तरी तोंडाचा पट्टा तसाच. कोणी चिखलाचे बूट घेऊन आत आला की ती दारातच अडवायची. "बूट बाहेर. फरशी पुसायला तुझी आई येणारे का?" मग त्याच माणसापुढे टोमॅटो चोळलेला पाव आणि सॉसेज घातलेला पांढरा घेवडा असा वाढायची की तो पुढच्या आठवड्यात चार मित्र घेऊन यायचा. तिला स्वतःला मात्र बसून जेवताना कोणी पाहिलेलं नाही. ताट काउंटरवर, काटा हातात, नजर दाराकडे. नवे लोक म्हणायचे, खाणावळवाल्यांना सवयच असते तशी. जुने लोक काही बोलायचे नाहीत.

जुन्यांना पोन्स आठवायचा. पोन्स म्हणजे रेमेईचा नवरा, पंचायतीचा वाटाड्या. वाट दाखवणारा नव्हे, वाटा राखणारा. ओढ्यातली खडी गाढवावर लादून आणायची, शेतामधल्या वाटांवर पसरायची, दाताळ्याने सारखी करायची. मुलूख सपाट, लहानसहान चढउतार, पण पावसाने वाट खरवडली की बैलगाडीचं चाक मोडायचं. पोन्सचा त्या वाटांवर भारी जीव. रेमेई चिडवायची, "माझ्या पाठीवरून इतक्या मायेने कधी हात फिरवलास का रे?" तो म्हणायचा, "तुझ्या पाठीला खड्डे पडले की फिरवीन." एका नोव्हेंबरात तो ओढ्यापलीकडची वाट बघायला दाताळं घेऊन सकाळी निघाला. मागून धुकं आलं, आणि वर डोंगरात कुठेतरी पाऊस झालेला, ओढ्याला पूर.

रेमेईने घंटा धरली ती सोडेना. तळहातांची सालटी निघाली, दोर लाल झाला. शेवटी शेजारच्या बाल्दिरीने तिला अक्षरशः उचलून खाली आणलं. पोन्स सापडला नाही, त्याचं दाताळंही नाही. फादरनी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना म्हटली, दफनभूमीत नावाचा दगड बसवला. सगळं रीतसर झालं, एक सोडून. तीन ठोके रेमेईने दिले नाहीत. त्या दिवशी नाही आणि त्यानंतर कुठल्याही धुक्यात नाही. बाकी सगळे सुखरूप घरी आले तरी ती वाजवता वाजवता नुसती थांबायची, आणि लोक आपापलं समजून जेवायला बसायचे. कोणी तिला विचारलं नाही. कोणाची छाती होणार?

बरीच वर्षं गेली. बैलगाड्या गेल्या, गाढवं गेली, वाटा गवतात बुडायच्या बेताला आल्या. मग शहरातून त्या जाड टायरांच्या सायकली आल्या. गुळगुळीत डांबरी रस्ता सोडून मुद्दाम खडीवरून दात वाजवत जायचं, आणि वर त्याचे पैसे मोजायचे! बाल्दिरी म्हणायचा, "शहाणी माणसं संपली म्हणायची." पण खाणावळ भरायला लागली. रेमेईच्या भावाची मुलगी क्वेराल्त अशा लोकांना घेऊन हिंडायचं कामच करू लागली. सगळे म्हणायचे, या भागातल्या वाटा काय सुंदर बसवल्यात, चाक कुठे घसरत नाही. रेमेई भांडी पुसत ऐकायची आणि कॉफीयंत्राच्या वर लावलेल्या फोटोकडे बघायची. फोटोत पोन्स, डोक्यावर तपकिरी टोपी, खांद्यावर दाताळं.

पहिल्यांदा ते एका जर्मन जोडप्याने सांगितलं. दाट धुक्यात ते फाट्यावर अडकले होते, फोनवरचा नकाशा गोल गोल फिरत होता. "तुमच्या गावातले म्हातारबाबा भेटले म्हणून बरं. बोलले काही नाहीत, पुढे पुढे चालत राहिले. खडीवर दाताळं ओढत होते, त्या आवाजामागे आम्ही आलो."

रेमेईने आधी बाल्दिरीलाच धरलं. "लाज नाही वाटत या वयात असली सोंगं करायला?"

"मी?" बाल्दिरी म्हणाला. "बाई, या गुडघ्यांनी मी माझ्या संडासापर्यंत पोचलो तरी चर्चमध्ये मेणबत्ती लावतो."

मग पुढच्या धुक्यात दुसरे आले, त्यांच्यानंतर आणखी. कोणाला तो ओढ्याच्या उतारावर दिसलेला, कोणाला ओकच्या रानात. टोपी तपकिरी. चेहरा नीट दिसला असं कोणीच म्हणालं नाही. गावाजवळ आलं की दाताळ्याची खरखर थांबायची आणि पुढे बघावं तर कोणी नसायचं. रेमेईचं वागणं बदललं. गाव उन्हाची वाट बघायचं, ही धुक्याची. तळ्याकडे पांढरं दिसू लागलं की ही केस विंचरायची, चांगला एप्रन बांधायची आणि मनोऱ्याच्या पायऱ्या पोरीसारखी चढायची. कोणी आत आलं की बूट काढायलाही न सांगता पहिला प्रश्न, "कुठे भेटला? कुठपर्यंत आला?" तो बाहेर आहे, माझी घंटा ऐकतोय, एवढ्यावर ती बाई सुखी होती. खरंच सुखी होती, त्यात खोटं काही नाही.

पण एकदा एक बाई सहज बोलून गेली. "बिचारे कंबरेपर्यंत ओलेचिंब होते हो. कुडकुडत होते. मी जॅकेट देऊ केलं, तर हात लावायच्या आत धुक्यात गेले."

त्या दिवशी रेमेईने ताट तसंच ठेवलं. नंतर बरेच दिवस तिला नीट झोप लागली नाही.

पुढच्या नोव्हेंबरात, संतांच्या सणाचे भाजलेले चेस्टनट अजून घराघरांत होते, तेव्हा क्वेराल्त एक घोळका घेऊन बाहेर होती आणि भर दुपारी धुकं उतरलं. घोळका कसाबसा आला. क्वेराल्त आली नाही. कोणाचं तरी चाक पंक्चर झालं म्हणून ती मागे थांबली होती. मग तो पंक्चरवालाही आला, म्हणाला, ती माझ्या मागेच होती. ओढ्याला पाणी चढलंय, असंही म्हणाला.

रेमेई पुन्हा मनोऱ्यात चढली. तिने दोर धरला. सबंध आयुष्यात दुसऱ्यांदा ती घंटा अशी वाजवत होती की प्रत्येक ठोक्यासरशी नख उपटल्यासारखं होत होतं. खाली चौकात बाल्दिरी खुर्ची टाकून बसला होता. त्यानेच हाक मारली, "रेमेई, ये खाली. आली पोरगी."

क्वेराल्त खाणावळीच्या मधोमध उभी होती. हेल्मेट हातात, ओठ पांढरे. ती फोटोकडे बघत होती. हा माणूस ती जन्मायच्या आधीच गेलेला.

"आत्या," ती म्हणाली, "मला आतोबांनी आणलं."

बाल्दिरी मागोमाग आत आला आणि दारात थबकला.

"ओढ्यात पाय घालणार होते मी. समोर वाट दिसत होती, शपथ, खडीची वाट होती. तेवढ्यात त्यांनी दाताळं आडवं धरलं. मग पुढे चालायला लागले. गावाच्या वेशीवरच्या कपडे धुण्याच्या कुंडापर्यंत आले आणि थांबले. मी म्हटलं, आतोबा, चला की घरी, इतकं जवळ आलोय."

"मग?" रेमेईला बसायचं होतं, पण ती बसली नाही.

"बोलले. आवाज पाण्याखालून आल्यासारखा. म्हणाले, 'कसा येऊ? घंटा अजून मिटली नाही. कोणीतरी राहिलंय बाहेर. कोण राहिलंय ते मला सापडतच नाही.'" क्वेराल्तने हेल्मेट टेबलावर ठेवलं. "आणि म्हणाले, 'रेमेईला सांग, घेवडा गरम ठेव. तो सापडला की मी आलोच.'"

रेमेईच्या डोक्यात सगळं एकदम बसलं, आणि बसलं ते दगडासारखं. तो वाट चुकलाच नव्हता. वाटा राखणारा माणूस, घंटा मिटत नाही म्हणजे कोणीतरी अडकलंय म्हणून शोधत फिरत होता. ओल्या कपड्यांत, इतकी वर्षं. ज्याला शोधत होता तो तोच होता, आणि हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं. सांगायचं काम होतं तिचं.

"त्याला सांग, सगळे आले म्हणून," बाल्दिरी हळूच म्हणाला. "दे ठोके."

"मग तो जाईल."

"हो."

"मला नाही पाठवायचा त्याला." रेमेई लहान मुलीसारखी म्हणाली. "धुकं पडलं की तो असतो रे बाल्दिरी. तेवढंच आहे मला. तेवढंच."

"तो कुडकुडतोय, रेमेई."

तिने एप्रन सरळ केला आणि पायऱ्या चढली, या खेपेला म्हातारीसारखी. वर धुकं मनोऱ्याच्या खिडकीतून आत आलेलं. तिने दोर धरला आणि एक ठोका दिला. तो पुरता विरेपर्यंत थांबली. कुंडाच्या बाजूने खडीवर खरखर ऐकू येत होती, अगदी ओळखीची, हाताचा तोच ताल. दुसरा ठोका. खरखर थांबली. खाली जिन्यात कुणी नाही असं बघून ती मोठ्याने म्हणाली, "पोन्स, सगळे आले रे. तूही आलास."

तिसरा ठोका दिला.

मग खाली, खाणावळीच्या भिंतीशी, दाताळं टेकवून ठेवल्याचा आवाज झाला. लाकूड दगडाला लागल्याचा. मागोमाग बुटांचा चिखल उंबऱ्यावर आपटून झाडल्याचा. लग्नापासून ती तो आवाज रोज संध्याकाळी ऐकायची. ती धावली नाही. ती सावकाश उतरली, कारण खाली कोणी नसणार हे तिला ठाऊक होतं. भिंतीशी काही नव्हतं. दारात काही नव्हतं. समोरच्या घरातली म्हातारी चुलीवरून भांडं उतरवत होती, इतक्या वर्षांनी तो तिसरा ठोका तिला ऐकू आला होता आणि ती रडत होती.

रेमेई आत आली. घेवडा गरम होता. तिने दोन ताटं वाढली, एक समोर ठेवलं. बाल्दिरीने खुर्ची ओढून दिली.

रेमेई खुर्चीत बसली, आणि बसून जेवली.